स्किनच्या लाइनला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, पीयूसी (बारावी) सायन्स झालंय, नीटमध्ये गुण कमी पडले. आई म्हणते पार्लरचा कोर्स कर, मावशी म्हणते डी. फार्म.ला (फार्मसीच्या डिप्लोमाला) नाव घाल, आणि मुलीचं स्वतःचं म्हणणं, "मला स्किनचं आवडतं." या लाइनला जावं का, आणि ठरवायचं कसं?

"स्किनचं आवडतं" म्हणजे नेमकं काय आवडतं, तिथून सुरुवात कर. सीरम, सनस्क्रीन, कुठल्या क्रीममध्ये काय असतं हे वाचायला आवडतं, की माणसाच्या कातडीला हात लावायला आवडतं? वाचायला पुष्कळांना आवडतं. पण दिवसाचे आठ तास अनोळखी बाईच्या घामेजल्या मानेवर, पू धरलेल्या मुरमांवर, पायांच्या भेगांवर, काखेत काम करायचं आणि चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही, हे वेगळं आवडणं झालं. पहिलंच आवडत असेल तर मावशीचं म्हणणं मोडीत काढू नकोस, त्यावर पुढे येते. दुसरंही चालणार असेल तर वाच.

या लाइनमध्ये चार वेगवेगळी कामं आहेत आणि लोक चारींना एकच नाव देतात. त्वचारोगतज्ज्ञ, आयुर्वेदाचे वैद्य, ब्यूटी थेरपिस्ट आणि क्रीम बनवणारा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हा शब्द चौघांच्याही पाटीवर दिसतो, म्हणून घोटाळा होतो.

त्वचारोगतज्ज्ञाचा रस्ता सर्वांत लांब. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, मग नीट-पीजी आणि एमडी तीन वर्षं. म्हणजे एकही वर्ष वाया न जाता साडेआठ. त्या पदवीचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं आहे. फक्त ग्लो आणि लेझर डोक्यात ठेवून जाणाऱ्यांना पहिल्याच वर्षी ओपीडीत खरूज, नायटा, कोड आणि कुष्ठरोगाचे पेशंट बघताना त्या नावाचा अर्थ कळतो. पीजीत या विषयाच्या जागा कमी आणि त्यांवर उड्या फार, हेही धरून चाल. नीट पुन्हा द्यायची असेल तर आपल्या भागातल्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात. कर्नाटकातल्या सरकारी कोट्याच्या जागेसाठी साधारण सात वर्षं राज्यात शिकल्याचा दाखला लागतो. शाळा महाराष्ट्रात चंदगड-कोल्हापूरकडे झाली असेल तर तिथेच अडतं. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, कोणते दाखले लागतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचून काढ. एजंटाच्या तोंडी माहितीवर वर्ष घालवू नकोस.

आयुर्वेदाची पदवी, बीएएमएस, हीही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आणि प्रवेश नीटमधूनच. बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे घरच्यांना ते जवळचं वाटतं. पण 'स्किनसाठी' म्हणून बीएएमएस करणं म्हणजे आंब्यासाठी अख्खं शेत विकत घेणं. वैद्यकी करायची असेल तरच जा.

आता तुझ्या आईचा रस्ता. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर प्रवेश मिळतो आणि प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवरचं असतं. दुसरं, ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट आणि त्याच्या वरचा ब्यूटी थेरपिस्ट असे टप्पे आहेत. परदेशी जहाजावर किंवा गोव्याच्या मोठ्या हॉटेलच्या स्पामध्ये जायचं मनात असेल तर झुरिचच्या सिडेस्को संस्थेचा डिप्लोमा चालतो. पण तो महाग आहे आणि गावात पार्लर टाकायला त्याचा काडीचा उपयोग नाही. बाकी 'एका महिन्यात क्लिनिकल कॉस्मेटॉलॉजिस्ट' असं सांगणाऱ्या क्लासचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, एवढंच.

रस्ता कुठलाही घे, ज्या कातडीवर काम करायचं ती कातडी आपली आहे, गव्हाळ ते सावळी. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने उन्हात कातडी कशी वागते यावरून प्रकार पाडायला सुरुवात केली. आज त्यात सहा प्रकार धरतात आणि आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात येतात. त्यांचा स्वभाव असा की जरा इजा झाली, भाजलं, खरचटलं, मुरूम पिळला, की लाली ओसरल्यावर मागे काळा डाग राहतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. गोऱ्या कातडीवर चार दिवसांत विसरलं जाणारं भाजणं इथे लग्नाच्या अल्बमात दिसतं. परदेशी व्हिडिओत बघून केलेलं स्क्रब, पील, लेझर इथे बिघडतं त्याचं मुख्य कारण हेच. म्हणून या धंद्यातलं कसब हात आवरण्यात आहे. ज्या मुलीला 'आणखी थोडं घासलं तर निघेल' असं सारखं वाटतं, तिचा हात इथे धोक्याचा.

उदाहरणं घेऊनच बोलू, म्हणजे रोजचं काम काय असतं ते कळेल.

ब्लीच. पावडर आणि क्रीम पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचं. पटकन उजळावं म्हणून पावडर वाढवली की भाजतं. स्क्रब, वॅक्स किंवा थ्रेडिंग केल्यावर त्याच दिवशी त्या जागी ब्लीच लावायचं नाही, कारण वरचा थर आधीच निघालेला असतो आणि पेरॉक्साइड-अमोनिया थेट आत झोंबतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून २४ ते ४८ तास बघायचं, हीच पॅच टेस्ट. गिऱ्हाईक म्हणतं, "नेहमी लावते ओ, काय होत नाही." तरी बघायचं, कारण अ‍ॅलर्जी नेहमी वापरलेल्या वस्तूचीही एक दिवस येते. केसांच्या काळ्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन हे याचं सर्वांत ठळक उदाहरण, आणि 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यातही तेच असतं.

वॅक्स. गरम करून मधासारखं ओघळेल एवढं, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटाच्या आत लावून बघायचं. एकदा वापरलेला स्पॅच्युला परत डब्यात बुडवायचा नाही. पण खरा घात होतो तो न विचारलेल्या प्रश्नामुळे. मुरमांसाठी अडापलीन किंवा ट्रेटिनॉइन लावणाऱ्या मुलीच्या ओठावर वॅक्स ओढलं की केसांबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो. लावणं बंद करून आठवडा गेल्याशिवाय त्या जागी वॅक्स नको. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपून सहा महिने होईपर्यंत नको, थ्रेडिंगही जपून. म्हणून खुर्चीत बसवल्यावरचा पहिला प्रश्न "फेशियल कुठलं करू?" हा नसतो. "तोंडाला काय लावता, गोळ्या कुठल्या चालू आहेत, दिवस गेलेत का?" हा असतो.

फेशियलची वाफ तीन ते पाच मिनिटं, तोंडापासून हातभर लांब. दम्याची पेशंट असेल किंवा गालावर लाल शिरा दिसत असतील तर वाफ वगळायची. ब्लॅकहेड्स काढण्याला दहा मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. सुटत नसेल तर सोडून द्यायचं, पुढच्या महिन्यात निघेल. पू धरलेल्या मुरमांवर मसाज नाही. पॅक वाळून तडकेपर्यंत ठेवायचा नाही. शेवटी सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. बायका वाटाण्याएवढं लावतात आणि मग म्हणतात सनस्क्रीनचा गुण येत नाही.

पीलबद्दल, म्हणजे आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढण्याबद्दल, जरा सविस्तर, कारण आजकाल प्रत्येक क्लास तेच विकतो. ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या बाटलीवरची टक्केवारी अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, सांगतो; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ३० टक्के अ‍ॅसिड पीएच ३ ला जेवढं झोंबतं त्यापेक्षा पीएच १ ला जास्त झोंबतं. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने घरी वापरायच्या मालासाठी १० टक्के आणि पीएच साडेतीनच्या खाली नको, प्रशिक्षित हाताखालच्या सलूनसाठी ३० टक्के आणि पीएच ३ च्या खाली नको, अशी मर्यादा सांगितली आहे. तीही लगेच धुऊन टाकण्याच्या अटीवर. आणि ही मर्यादा आपल्या कातडीचा विचार करून आखलेली नाही. त्यामुळे पार्लरमध्ये त्याच्या बरंच खाली राहायचं. बाटलीवर पीएच लिहिलेला नसेल तर ती बाटली घ्यायचीच नाही. ग्लायकोलिक वेळेवर थांबवावं लागतं, पाण्याने किंवा सोड्याच्या द्रावणाने. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांची टोकं इथे अ‍ॅसिड साचतं आणि डाग बहुतेक वेळा तिथेच पडतात, म्हणून आधी तिथे व्हॅसलिन लावून घ्यायचं. सॅलिसिलिक अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना आणि गरोदर बाईला नको. लेझर, बोटॉक्स, फिलर, रक्त काढणारं मायक्रोनीडलिंग, यांपैकी काही पार्लरमध्ये करायचं नाही. मशीन इन्स्टॉलमेंटवर मिळतं म्हणून ते करण्याचा अधिकार मिळत नाही.

खुर्चीत येणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये काही जण मुळात तुझी गिऱ्हाइकं नसतात. ती ओळखता आली पाहिजेत, कारण या भागात डॉक्टरच्या आधी बाई पार्लरमध्ये येते.

मान काळी, मखमलीसारखी जाड, काखेतही तसंच: हा मळ नव्हे. बऱ्याचदा ती इन्सुलिनची गडबड असते, साखर तपासायला पाठवायचं. घासून उपयोग शून्य, उलट काळेपणा वाढतो. हनुवटीवर जाड केस, पाळी अनियमित, मुरमं जबड्याच्या कडेने: थ्रेडिंग कर, पण स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला सांग. कपाळाच्या मधोमध टिकलीच्या जागी पांढुरका ठिपका: टिकलीच्या गोंदातल्या रसायनामुळे रंग जातो, टिकली ताबडतोब बंद आणि त्वचेच्या डॉक्टरकडे. अंगावर फिकट चट्टा आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही: वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात. कुष्ठरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं आणि लवकर सुरू केलं तर बोटं वाकडी होत नाहीत. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळाभर ओल्या कपड्यात काम करणाऱ्यांना मांडीत, कमरेला उठलेल्या कडांची गोल रिंगणं उठतात. तो नायटा. घरात ज्यांना झालाय त्या सगळ्यांना एकदम औषध झाल्याशिवाय जात नाही, आणि तुझा टॉवेल एकीवरून दुसरीवर गेला तर तू तो वाटत सुटशील. चंदगडकडच्या काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने सोलवटलेली असते. तिला मॅनिक्युअर नको, ग्लोव्हज हवेत.

आणि सर्वांत जास्त दिसणारं म्हणजे क्रीमने बिघडलेला चेहरा. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली 'गोरं होण्याची' ट्यूब, जिच्यात मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. वांगाचं हे औषध डॉक्टर मोजक्या आठवड्यांसाठी देतात. बाया वर्षानुवर्षं लावतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर सोडवत नाही. मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, बारीक लव वाढते, उन्हात आग होते, आणि ट्यूब दोन दिवस बंद केली की चेहरा पेटतो. स्टेरॉइडच्या अशा मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून २०१८ मध्ये केंद्राने नियम कडक केला, तरी ट्यूब मिळते. दुसरा प्रकार बिननावाच्या डबीतल्या क्रीमचा. त्यात पारा असू शकतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीमा वापरणाऱ्यांना किडनीचा आजार झाल्याचं उघडकीला आलं. अशा चेहऱ्यावर फेशियल, ब्लीच, स्क्रब काहीही करायचं नाही. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरचा पत्ता, एवढंच. स्टेरॉइडची ट्यूब एकदम बंद करायला आपण सांगायचं नाही, तेही डॉक्टरच ठरवतील.

यातली गोम अशी की त्या दिवशी तुझे सातशे-आठशे रुपये जातात. ती बाई चिडून शेजारच्या पार्लरमध्ये जाते आणि तिथे तिचं फेशियल होतंही. महिन्यातून किती वेळा असं गिऱ्हाईक परत पाठवायची तुझी तयारी आहे, हा प्रश्न आवडीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. घरात पैशाची ओढ असेल तर 'नको' म्हणणं फार जड जातं, त्यात काही लपवण्यासारखं नाही. म्हणून कर्ज काढून लगेच दुकान टाकण्याआधी कुठेतरी पगारावर काम करावं. पगारावर असताना 'नको' म्हणायची सवय स्वस्तात लागते. त्वचारोगतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये थेरपिस्ट म्हणून लागलीस तर आणखी बरं. पार्लरपेक्षा सुरुवातीला पैसे कमी वाटतील, पण रोग आणि रूप यांतला फरक डोळ्याला तिथेच कळतो.

स्वतःच्या अंगाचाही विचार कर. लहानपणापासून हाताला इसब असेल, कोपराच्या-गुडघ्याच्या लवणीत खाज येत असेल, भांड्याच्या साबणाने बोटं चिरत असतील, तर पार्लरचं काम जड जाईल. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुणं, स्पिरिट, केमिकल. पहिल्या सहा महिन्यांत हात उठतात आणि मग धंदा बदलावा लागतो. हे कोर्सची फी भरण्याआधी एखाद्या त्वचेच्या डॉक्टरला दाखवून विचार. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं मसाज-थ्रेडिंगने येतं, उभं राहून पायाच्या शिरा फुगतात. हिपॅटायटिस बीची लस घ्यायचीच: तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्याला तिसरा. पुटकुळी फोडताना, रेझर लावताना रक्ताशी संबंध येतो. तोच धागा, तीच कात्री पुढच्या गिऱ्हाइकाला लागली तर चामखिळीसुद्धा पसरतात. आणि पार्लरमध्ये दिसणारी ती निळ्या दिव्याची पेटी हत्यारं निर्जंतुक करत नाही, निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायलाच ती ठीक. धातूची हत्यारं आधी घासून धुवायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबावर निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर, १५ ते २० मिनिटं.

पैशाचा हिशेब कागदावर मांड. आकडे तुझ्या गल्लीतले घाल, मी फक्त मांडणी दाखवते. समजा एकच खुर्ची, महिन्याचे २६ दिवस, रोज सरासरी चार गिऱ्हाइकं, एकीमागे ३५० रुपये: ३६,४००. माल ८,०००, भाडं ९,०००, वीज-पाणी-धुलाई २,५००, मदतनीस ७,०००. उरले ९,९००. तीन लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी असेल तर हप्ता साधारण साडेसहा हजार. हातात साडेतीन हजारही नाहीत. म्हणजे हे दुकान रोज सहा गिऱ्हाइकांखाली चालत नाही. बेळगावच्या टिळकवाडीत कॉलेजच्या वाटेवर सहा मिळतील, पण भाडं ९,००० राहणार नाही. खानापुरात भाडं कमी, पण बाई फेशियलला महिन्याने नव्हे, सणाला येते. तुळशीच्या लग्नापासून पुढे लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो, आषाढात आणि पितृपंधरवड्यात खुर्ची रिकामी. गणपती-दिवाळीत घरी सगळे जमलेले असताना तू दुकानात उभी असणार. लग्न झाल्यावर सासरचे हे चालवून घेतील का, हा प्रश्न मी विचारायचा नव्हे, पण तू विचारात घ्यायचा.

भांडवलासाठी मुद्रा कर्जात ५० हजारांपर्यंत शिशु आणि पाच लाखांपर्यंत किशोर गट आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत महिलांना स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात आणि खेड्यात ३५, शहरात २५ टक्के सूट मिळते. महापालिकेचं किंवा पंचायतीचं ट्रेड लायसन्स आणि दुकानाची नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीचं डोकं लावायचं कारण नाही. पाटी करताना २०२४ पासून ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. उरलेल्यात मराठी लिही. भांडणापेक्षा रंगाऱ्याला आधीच माप दिलेलं बरं. पाटीवर 'क्लिनिक' मात्र लिहू नकोस. त्याला २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची नोंदणी लागते, आणि ती डॉक्टरची असते.

कन्नड येत नसेल तर कामापुरतं शिक. 'उरी' म्हणजे आग होणं आणि 'तुरिके' म्हणजे खाज, हे दोन शब्द तरी पहिल्या दिवसापासून कानाला ओळखीचे हवेत. चिकोडीकडची एखादी आजी पॅकखाली "उरी, उरी" म्हणत असताना तू हसून मान डोलावत बसलीस तर पुढचा डाग तुझ्या नावावर.

आता मावशी. घटक, टक्केवारी, पीएच वाचताना वरचा मजकूर तुला रंगला असेल आणि काखेच्या वॅक्सिंगपाशी कंटाळा आला असेल, तर डी. फार्म. दोन वर्षांचं किंवा बी. फार्म. चार वर्षांचं खरोखर बघ. साबण-क्रीम बनवून विकायला २०२० च्या कॉस्मेटिक नियमांप्रमाणे राज्याच्या औषध खात्याचा परवाना लागतो, आणि तो घेणाऱ्याकडे फार्मसी किंवा रसायनशास्त्र शिकलेला माणूस असावा लागतो. घरच्या गॅसवर कोरफडीचं जेल करून इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यांना हे माहीत नसतं. कोरफड, हळद, चंदन 'नैसर्गिक' म्हणून परवाना माफ होत नाही. त्यात संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घातला नाही तर पाणी असलेल्या क्रीममध्ये बेळगावच्या पावसाळी हवेत दोन आठवड्यांत बुरशी धरते. शिवाय मेडिकल दुकान हा आधार राहतोच.

कोर्स बघायला जाशील तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेव आणि विचार: एका विद्यार्थिनीला खऱ्या माणसावर किती तास मिळतात? रबरी डोक्यावरचे तास वेगळे मोज. ऑटोक्लेव्ह कुठे आहे, दाखवा. प्रमाणपत्र कोणाचं, परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का? पॅच टेस्टची नोंदवही बघायला मिळेल का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरची व्यक्ती गोंधळली तर फी भरू नकोस. माल विकत घ्यायची सक्ती असेल तरीही नको. वर्षभराचा किट त्यांच्याकडूनच घ्यायला लावणारे कोर्स मुळात माल विकायला काढलेले असतात.

हे सगळं करण्याआधी आठ आठवडे फुकट किंवा नाममात्र पैशावर एखाद्या गर्दीच्या पार्लरमध्ये मदतनीस म्हणून रहा. तुळशीच्या लग्नानंतरचे असतील तर उत्तम, कारण तेव्हाच खरं काम दिसतं. पहिले दोन आठवडे फक्त धुणं, टॉवेल आणि बघणं. मग थ्रेडिंग, आधी स्वतःच्या पायावर, मग मैत्रिणींवर, पन्नास भुवया होईपर्यंत. बरोबर एक वही ठेव. रोज आलेल्या पाच चेहऱ्यांबद्दल लिही: काय दिसलं, ती काय लावत होती, काय केलं, दोन दिवसांनी काय झालं. दोन दिवसांनी फोन करून विचारायचं, हेच अवघड आणि हेच महत्त्वाचं. एका ओळीत हातांची नोंद: कोरडे, लाल, चिरलेले. आणि महिन्याची गिऱ्हाइकं मोजून मालकिणीचा हिशेब मनात मांड, वर दाखवला तसा.

वरचा थर नवा व्हायला तरुण कातडीला साधारण २८ दिवस लागतात, वयाबरोबर जास्त. म्हणून आठ आठवडे सांगितले. ज्या चेहऱ्याला पहिल्या आठवड्यात हात लागला, तो दोन फेऱ्यांनंतर कसा आहे हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. नवव्या आठवड्यात वही उघड. दोन दिवसांनंतरचे रकाने भरलेले असतील आणि हात शाबूत असतील तर आयटीआयचा फॉर्म भर. पानं सुरुवातीलाच थांबली असतील आणि मालाच्या बाटल्यांवरचे घटक मात्र तू शेवटच्या पानावर उतरवून ठेवले असशील, तर मावशीला फोन कर.